कॉलेज फुटबॉलचा नवा गेम: पहिले दहा तास कसे वापरावेत

ईए प्ले या वर्गणीच्या सेवेचं सदस्यत्व असेल तर ईए स्पोर्ट्सचा नवा गेम विकत न घेता दहा तास खेळता येतो. हे दहा तास मॅचचे नाहीत, गेम उघडा असण्याचे आहेत. मेनूत बसून हेल्मेटचे रंग न्याहाळत राहिलात तरी घड्याळ पळतच असतं. म्हणून गेम पूर्ण डाउनलोड होईपर्यंत उघडू नका आणि उठताना पूर्ण बंद करा. चाचणीत खेळलेलं गेम विकत घेतल्यावर तसंच पुढे चालू राहतं, त्यामुळे 'सध्या नुसतं बघू, खरं नंतर सुरू करू' असं म्हणायचं कारण नाही.

हा गेम अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा. २०१३ च्या जुलैत 'एनसीएए फुटबॉल १४' आला आणि मालिका थांबली. विद्यार्थी खेळाडूंसारखे दिसणारे खेळाडू गेममध्ये होते, पण खऱ्या खेळाडूंना त्यातून एक डॉलरही मिळत नव्हता. त्यावरून माजी कॉलेज बास्केटबॉलपटू एड ओ'बॅनन यांचा खटला गाजला आणि कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएने गेमचा करार गुंडाळला. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमाई करायची परवानगी मिळाली, तेव्हा परतीची वाट मोकळी झाली. १९ जुलै २०२४ ला 'कॉलेज फुटबॉल २५' आला, त्यात नाव द्यायला तयार झालेल्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. १० जुलै २०२५ ला '२६' आला. दोन्हींचा सांगाडा एकच आहे, त्यामुळे खाली लिहिलेलं बहुतेक सगळं दोन्हींना लागू पडतं. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे. गेम फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस वर चालतो. पीसीवर नाही, जुन्या कन्सोलवरही नाही. बाजारात आला तेव्हा साध्या आवृत्तीची किंमत ६९.९९ डॉलर होती.

मॅडन, म्हणजे ईएचाच व्यावसायिक लीगचा (एनएफएलचा) गेम, खेळून आलेल्यांचे पहिले दोन तास बहुधा चिडचिडीत जातात, कारण बटणं तीच असली तरी मैदान वेगळं आहे. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. पण एनएफएलमध्ये आतल्या खुणा, म्हणजे हॅश, एकमेकींपासून १८ फूट ६ इंचांवर असतात. कॉलेजमध्ये ४० फुटांवर. प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक चाल, हॅशवर किंवा हॅशच्या मध्ये सुरू होतो. म्हणजे बॉल डाव्या हॅशवर असेल तर डावीकडे ६० फूट आणि उजवीकडे १०० फूट जागा. या १०० फुटांत बचाव करणाऱ्यांना पुरं पडणं कठीण जातं. कॉलेजमधल्या निम्म्या चाली या जागेसाठीच रचलेल्या असतात. प्ले निवडताना आधी बॉल कोणत्या हॅशवर आहे ते बघा, मग बाकीचं. बाजू चुकीची असेल तर प्ले निवडायच्या पडद्यावरच चाल उलटी फिरवता येते.

पहिला अर्धा तास: सेटिंग

अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत: फ्रेशमन, व्हर्सिटी, ऑल-अमेरिकन, हाइझमन. अमेरिकन फुटबॉलच नवा असेल तर फ्रेशमनवर एकच मॅच खेळा, नियम कळेपर्यंत. मॅडनची सवय असेल तर व्हर्सिटीपासून. फ्रेशमनवर रमू नका. तिथे बचाव करणारे इतके उशिरा वळतात की वेळेवर पास टाकायची सवयच लागत नाही, आणि पुढच्या पायरीवर गेल्यावर तीच सवय इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पकडलेला पास) होऊन परत येते. हाइझमनवर संगणकाचे कॉर्नरबॅक (पास घेणाऱ्याला राखणारे) पाठमोरे असतानाही बॉल हेरतात, असं वाटण्याइतके तीव्र होतात. पहिल्या दहा तासांत तिथे जायची गरज नाही.

क्वार्टरची लांबी विचार करून ठरवा. खरा क्वार्टर १५ मिनिटांचा, आणि एक संघ मॅचमध्ये साधारण ६५ ते ७० प्ले खेळतो. गेममध्ये ५ मिनिटांचा क्वार्टर ठेवलात तर मॅच लवकर संपते, पण प्ले निम्म्याहूनही कमी होतात. डायनॅस्टीत (संघ वर्षानुवर्षं चालवायच्या मोडमध्ये) त्याचा फटका असा बसतो की तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, १५० यार्डांवर अडकतो आणि संगणकाने आपोआप खेळवलेल्या मॅचमधले क्वार्टरबॅक ३०० करून जातात. मग वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी तुमच्या खेळाडूकडे वळूनही बघत नाही. त्यामुळे १० ते १२ मिनिटांचा क्वार्टर आणि अॅक्सेलरेटेड क्लॉक २० सेकंदांच्या आसपास, ही जोडी चांगली. हे क्लॉक म्हणजे प्ले निवडल्यावर ४० सेकंदांच्या घड्याळातला उरलेला वेळ गेम उडवतो तो. तो २० वरून खाली नेला की घाई होते आणि प्लेही कमी होतात.

पास टाकायच्या पद्धतींमध्ये नव्या मीटरची पद्धत आणि जुनी, क्लासिक, दोन्ही आहेत. नवी निवडा आणि पहिल्या तासात तीन इंटरसेप्शन झाली म्हणून मागे फिरू नका.

स्लायडर (खेळाच्या एकेका बाबीची धार कमी-जास्त करायचे आकडे) मात्र पहिल्या दिवशी अजिबात हलवू नका. त्यांचा मूळ आकडा ५०, आणि तुमच्यासाठी व संगणकासाठी वेगळे असतात. चार मॅचनंतर एखादी गोष्ट सतत खटकत असेल तर एकच स्लायडर ५ ने हलवायचा आणि दोन-तीन मॅच खेळून बघायच्या. एकाच वेळी सहा हलवले की कशामुळे काय बदललं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

धावणं: पळायचं बटण उशिरा

नव्या खेळाडूचा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) दोन यार्डांवर पडतो त्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच: बॉल हातात येताक्षणी पळायचं बटण, आर२ (प्लेस्टेशन) किंवा आरटी (एक्सबॉक्स), दाबून धरलेलं असतं. धावायचा वेग लावला की वळायची क्षमता घटते आणि बॅक आपल्याच अडवणाऱ्यांच्या पाठीवर आदळतो. पहिल्या दोन-तीन पावलांत बटण सोडलेलं ठेवा, लाइनमध्ये फट दिसू द्या, फटीतून बाहेर पडल्यावरच दाबा. बाहेरून जाणाऱ्या चालीतसुद्धा, पुढे पळणाऱ्या गार्डला (तुमच्या लाइनमनला) मागे टाकलंत तर तुमच्यासाठी अडवणारं कोणी उरत नाही.

स्नॅपआधी, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याआधी, मोजणी करा. समोरच्या लाइनच्या आसपास, टॅकलपासून टॅकलपर्यंतच्या, म्हणजे तुमच्या लाइनच्या दोन टोकांच्या लाइनमनमधल्या, खिडकीत, बचाव करणारे किती आहेत? तुमचे लाइनमन पाच. टाइट एंड (अडवणारा आणि पासही घेणारा) लाइनला लागून असेल तर सहा. त्यांचे तुमच्याइतकेच किंवा कमी असतील तर धावा. एक जास्त असेल तर पास, किंवा ऑप्शन.

ऑप्शन, म्हणजे बॉल द्यायचा की ठेवायचा ते ऐन वेळी ठरवायची चाल, हाच या गेमचा आत्मा आहे. रीड ऑप्शनमध्ये कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम कोणीच अडवत नाही. बॉल बॅकच्या पोटाशी धरलेला असताना तो एकटा काय करतो ते बघायचं. तो आत, बॅककडे धावला तर बॉल स्वतःकडे ठेवून क्वार्टरबॅकने बाहेर निघायचं. तो जागेवर थांबला किंवा बाहेरची वाट राखून उभा राहिला तर बॉल बॅकला द्यायचा. द्यायचा तर क्रॉस किंवा ए दाबून धरायचं. ठेवायचा तर हात लावायचा नाही. इथे होणारी चूक ठरलेली: स्नॅपसाठी दाबलेलं बटण बोटाखाली तसंच राहतं आणि दरवेळी बॉल बॅककडेच जातो. स्नॅप घेतल्यावर बोट पूर्ण उचला, मग निर्णय घ्या.

स्पीड ऑप्शन आणि ट्रिपल ऑप्शनमध्ये आणखी एक पायरी आहे. क्वार्टरबॅक बाहेर पळताना बाजूने बॅक त्याच्या साथीला असतो. समोरचा बचावपटू क्वार्टरबॅकवर आला की एल१ किंवा एलबी दाबून बॉल बॅककडे बाजूला फेकायचा, हाच पिच. पिच लवकर झाला तर बचावपटूला बॅककडे वळायला वेळ मिळतो. उशिरा झाला तर पाडलं जाता जाता बॉल सुटतो आणि फम्बल. दोघांमध्ये दोनेक यार्ड उरले की सोडा. बॅक तुमच्या मागे, काटकोनापेक्षा जरा मागच्या बाजूला असेल तेव्हाच पिच करा. तो पुढे निघून गेला असेल तर बॉल घट्ट धरून पुढे झुका आणि मिळतील ते यार्ड घ्या. ट्रिपल ऑप्शन शिकायचा तर आर्मी, नेव्ही किंवा एअर फोर्स घ्या. सैनिकी अकादमींचे हे संघ खऱ्या मैदानावरही याच खेळासाठी ओळखले जातात. सराव मोडमध्ये एकच चाल वीस वेळा खेळा, दरवेळी फक्त त्या एका बचावपटूकडे बघत. बॉलकडे बघितलंत की फसलात.

क्वार्टरबॅकने धाव पूर्ण झाल्यावर चौकोन किंवा एक्स दाबून घसरत खाली बसावं. दोन यार्डांसाठी लाइनबॅकरशी (लाइनमागच्या दणकट बचावपटूशी) टक्कर घेणं का महाग पडतं ते पुढे येतंच.

पास

बटण टिचकीसारखं दाबलं तर उंच, हळू पास. दाबून धरलं तर सरळ, वेगवान. मधल्या दाबाने मधला. नव्या पद्धतीत धरण्याबरोबर मीटर भरत जातो. निळ्या भागात सोडलात तर नेमका पास, पुढे गेलात तर बॉल भरकटतो. म्हणून लांबच्या पासला घाबरून जास्त वेळ दाबू नका. जोर जास्त लागतो तो आडव्या, मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पासला. १०० फुटांच्या बाजूला बाहेर टाकलेला पास हवेत बराच वेळ राहतो आणि कॉर्नरबॅकला तेवढा वेळ पुरतो. कमकुवत हाताच्या क्वार्टरबॅकसाठी तो पास वर्ज्यच समजा. डावी स्टिक ढकलून पास रिसीव्हरच्या (पास घेणाऱ्याच्या) पुढे किंवा बाजूला टाकता येतो, एल१ किंवा एलबी धरून उंच, एल२ किंवा एलटी धरून खाली.

दुसरी मोठी चूक मागे सरकण्याची. शॉटगन रचनेत क्वार्टरबॅक आधीच लाइनपासून पाचेक यार्ड मागे असतो. बाहेरून येणाऱ्या रशरला (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला) तुमचा टॅकल मागच्या बाजूला वळसा घालायला लावतो. म्हणजे तो येऊन पोहोचतो ती जागा तुमच्या मागेच असते. घाबरून दहा-बारा यार्ड मागे गेलात की आपण होऊन त्याच्या वाटेत जाऊन उभे राहता. त्याऐवजी एक पाऊल पुढे टाका. काहीच मोकळं नसेल तर पॉकेटमधून (लाइनमनच्या आडोशातून) बाजूला निघा आणि उजवी स्टिक दाबून बॉल बाहेर फेकून द्या. दुसऱ्या डाउनला (दहा यार्ड जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी दुसऱ्याला) दहा यार्ड बाकी असणं हे एकोणीस बाकी असण्यापेक्षा केव्हाही बरं.

वाचायचं काय? स्नॅपआधी मागे खोलवर सेफ्टी (सगळ्यांत मागचे बचावपटू) किती आहेत एवढंच. एक असेल तर बचावाची रचना बहुधा कव्हर १ किंवा ३; दोन असतील तर कव्हर २ किंवा ४. कव्हर ३ समोर फोर व्हर्टिकल्स (चार रिसीव्हर सरळ पुढे) चालवा आणि आतल्या दोन रिसीव्हरपैकी जो सेफ्टीच्या पलीकडे निघतो त्याला द्या. एकटा सेफ्टी दोघांना धरू शकत नाही. माणसागणिक बचाव असेल तर मेश: दोन रिसीव्हर एकमेकांना घासून आडवे जातात आणि त्यांचे पाठलाग करणारे एकमेकांत अडकतात. सतत ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंची धाव) येत असेल तर बॅकला स्क्रीन पास, म्हणजे अडवणाऱ्यांच्या आडून आखूड पास. पहिल्या आठवड्यात एवढ्या तीन चाली नीट आल्या तरी मॅच जिंकता येतात. प्लेबुकात शेकडो चाली आहेत, त्यांचा मोह आवरा.

बॉल हवेत असताना तीन पर्याय: त्रिकोण किंवा वाय उडी मारून झेप घ्यायला, चौकोन किंवा एक्स पळता पळता घ्यायला, क्रॉस किंवा ए नुसता सुरक्षित धरायला. गर्दीत पळत धरायचा प्रयत्न केलात तर टक्कर बसताच बॉल सुटतो. बाहेरच्या रेषेजवळ सुरक्षित धरा, कारण कॉलेजमध्ये एकच पाय आत टेकला तरी कॅच मान्य होतो. एनएफएलमध्ये दोन लागतात. आणखी एक फरक: कॉलेजमध्ये बॉल असलेल्या खेळाडूचा गुडघा जमिनीला टेकला की प्ले संपला, त्याला कोणी हात लावलेला नसला तरी. पडून उठून पळायची मॅडनची सवय इथे उपयोगाची नाही.

बचाव

नवख्याने स्वतःच्या हातात डिफेन्सिव्ह लाइनमन घ्यावा. तो चुकला तर नुकसान चार यार्डांचं. सेफ्टी चुकला तर टचडाउन. दोन-तीन मॅचनंतर मधला लाइनबॅकर घ्या आणि मैदानाच्या मध्यभागी आखूड पासांच्या वाटेत उभे राहायला शिका. बॉल फेकल्यावर गोल किंवा बी दाबून घाईघाईने दुसरा खेळाडू पकडू नका. गेमने त्याला योग्य दिशेने पळवायला सुरुवात केलेली असते, तुम्ही मध्ये पडून त्याची वाट मोडता.

समोर किती रिसीव्हर उभे आहेत ते मोजून बचावाचा संच निवडा: तीन असतील तर निकल, चार असतील तर डाइम. हे चुकलं की जड लाइनबॅकर आतल्या बाजूच्या चपळ स्लॉट रिसीव्हरमागे धावताना दिसेल, आणि पुढे काय होणार ते सांगायला नको. धावणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर माणसागणिक बचाव टाळा. सगळे आपापल्या माणसामागे पाठ फिरवून पळतात आणि क्वार्टरबॅकसमोर वीस यार्ड मोकळं रान पडतं. झोन बचावात (प्रत्येकाने आपली जागा राखायची) सगळ्यांचे चेहरे बॉलकडे असतात. त्याला कडेच्या लाइनमनची कंटेन आज्ञा जोडा, म्हणजे ते आत घुसण्याऐवजी बाहेरची वाट राखतात.

मैदान, गोंगाट आणि थकवा

दुसऱ्याच्या मैदानावर तिसऱ्या डाउनला पडदा हादरायला लागतो आणि चालीच्या रेषा वेड्यावाकड्या दिसू लागतात. गेम बिघडलेला नाही. स्टेडियमचा दबाव गेमने असा दाखवला आहे, आणि तो सर्वांत चांगला जमलेला भाग म्हणावा लागेल. '२५' मधल्या सर्वांत कठीण मैदानांच्या यादीत टेक्सस ए अँड एमचं काइल फील्ड पहिलं होतं, '२६' मध्ये अलाबामाचं ब्रायंट-डेनी. अशा ठिकाणी लाइनवर उभं राहून मार्ग बदलत बसू नका. नवखे खेळाडू आज्ञा चुकीची ऐकतात. हडलमध्येच (प्लेआधीच्या घोळक्यात) योग्य चाल निवडा, आर२ किंवा आरटी धरून रेषा एकदा बघून घ्या, आणि पहिल्या दोन ताब्यांत धावण्यावर भर द्या. लवकर गुण झाले की गर्दी निवळते. खेळाडूच्या नावाजवळ बर्फाची खूण दिसली तर तो ढासळलाय, त्याच्याकडून लांबचा पास मागू नका. आगीची खूण दिसली तर त्याच्याकडेच खेळ वळवा.

वेअर अँड टेअर म्हणजे शरीराच्या प्रत्येक भागावर साठत जाणारा मार. प्रत्येक धडकेने त्या भागाचा रंग बदलतो आणि त्याच्याशी निगडित क्षमता उतरतात: खांद्यावर मार बसलेल्या क्वार्टरबॅकचा नेम जातो, पायावर बसलेल्या बॅकचा वेग. मॅच संपली तरी तो पूर्ण भरून येत नाही, पुढच्या आठवड्यात उरतो. एकाच बॅकला तीस वेळा बॉल दिलात तर नोव्हेंबरमध्ये तो नावापुरताच उरेल. दोघांत वाटून द्या. म्हणूनच वर क्वार्टरबॅकने घसरून बसावं असं म्हटलं.

किकमध्ये आधी जोर, मग नेम, आणि दबावात मीटर फार वेगाने पळतो. फील्ड गोलचं (गोलखांबांमधून मारायच्या किकचं) अंतर लाइन ऑफ स्क्रिमेजमध्ये, म्हणजे प्ले सुरू होतो त्या रेषेच्या आकड्यात, १७ मिळवून काढा: एंड झोनचे १० आणि बॉल धरणारा मागे बसतो ते ७. म्हणजे बॉल ३० यार्डावर असेल तर किक ४७ ची. कॉलेजच्या सामान्य किकरसाठी ४५ च्या पुढे जुगारच. त्यातही हॅश रुंद असल्यामुळे २५ यार्डांची सोपी किकसुद्धा तिरकी येते. तिसऱ्या डाउनला काही मिळणार नसेल तर निदान बॉल मध्यावर आणून ठेवा.

बरोबरी झाली तर ओव्हरटाइममध्ये दोघांनाही आलटून पालटून समोरच्याच्या २५ यार्डावरून एक-एक ताबा मिळतो. दुसऱ्या फेरीपासून टचडाउननंतर दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो, आणि तिसऱ्या फेरीपासून तर फक्त ३ यार्डांवरून दोन गुणांचे प्रयत्न. नाणेफेक जिंकलात तर आधी बचाव निवडा. समोरच्याने किती केले ते कळल्यावर तीनवर भागतंय की सात लागतील ते ठरवता येतं.

डायनॅस्टी: खरा गेम इथे आहे

मॅच खेळण्याइतकंच, किंबहुना जास्त, इथे खेळाडू जमवणं, म्हणजे रिक्रूटिंग, आहे. '२५' मध्ये एफबीएसचे (कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटाचे) १३४ संघ होते, '२६' मध्ये १३६. पहिल्यांदा ओहायो स्टेट किंवा जॉर्जिया घेऊ नका. सगळे आधीच तुमच्याकडे यायला तयार असतात, त्यातून रिक्रूटिंग शिकता येत नाही. २०२४ मध्येच एफबीएसमध्ये आलेला केनेसॉ स्टेट, किंवा अॅक्रन, केंट स्टेट यांच्यापैकी एखादा घ्या. मुख्य प्रशिक्षक होण्याऐवजी ऑफेन्सचा किंवा डिफेन्सचा समन्वयक म्हणूनही सुरुवात करता येते. प्रशिक्षकाचे सुरुवातीचे तीन प्रकार: मोटिव्हेटर, रिक्रूटर, टॅक्टिशियन. लहान संघावर रिक्रूटरचाच फायदा लवकर दिसतो.

तुमच्या यादीत एका वेळी हायस्कूलची ३५ मुलं मावतात आणि दर आठवड्याला ठरावीक तास मिळतात. आकडे लक्षात ठेवा, कारण इथला सगळा हिशेब तासांचा आहे. '२५' मध्ये शिष्यवृत्ती देऊ करायला ५ तास, सोशल मीडिया चाळायला ५, थेट मेसेज १०, मित्र आणि घरच्यांशी बोलायला २५, आणि सगळी ताकद लावायची तर ५०. एकदा लावलेली कृती दर आठवड्याला आपोआप चालू राहते, आणि इथेच नवखे गडबडतात: मुलगा दुसरीकडे गेला तरी त्याच्यावरचे तास आठवडाभर वाया जातात. दर आठवड्याला प्रथम गेलेली नावं काढा, मग तास फिरवा.

क्रम असा ठेवा. हंगामाआधी तुमच्या संघातून कोण बाहेर पडणार ते बघा. शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंच्या जागा हीच तुमची गरज. मग त्या जागांची मुलं तुमच्या पाइपलाइनच्या भागातली, म्हणजे जिथे तुमच्या प्रशिक्षकाचं वजन आहे तिथली, आणि ज्यांच्या यादीत तुमचा संघ आधीच वर आहे अशी शोधा. पंचतारांकित मुलाच्या यादीत तुम्ही नवव्या क्रमांकावर असाल तर त्याच्यावरचा प्रत्येक तास पाण्यात. दोन-तीन तारांकित, पण तुम्हाला पहिली पसंती देणारी वीस मुलं घ्या आणि त्यांना लगेच शिष्यवृत्ती देऊ करा. त्यानंतर स्काउटिंग, म्हणजे मुलाची पारख. स्काउट केल्यावर हिरवं रत्न दिसलं तर मुलगा ताऱ्यांपेक्षा चांगला निघाला. लाल खूण दिसली तर फसवा. स्काउटिंगआधी ५० तास लावले आणि लाल खूण निघाली, की सगळं मुसळ केरात.

प्रत्येक मुलाला काय हवं ते हळूहळू उघडतं: खेळायची संधी, घराजवळ असणं, अभ्यासाची प्रतिष्ठा, व्यावसायिक संघात जायची शक्यता वगैरे, एकूण १४ गोष्टी. त्यातली एक त्याची डीलब्रेकर असते. तुमच्या संघाची त्या बाबतीतली श्रेणी अपुरी असेल तर तो येणारच नाही, कितीही तास ओता. ही गोष्ट आधीच तपासा. हार्ड सेल (तुमच्या संघाच्या खास गोष्टी सांगून घातलेली जोरदार गळ; सॉफ्ट सेल म्हणजे हलकी) फक्त तेव्हाच करा जेव्हा त्याच्या आवडीच्या गोष्टी उघडलेल्या आहेत आणि त्यात तुमच्या श्रेणी चांगल्या आहेत. अंदाजाने केला तर सॉफ्ट सेलपेक्षाही कमी मिळतं आणि खर्च जास्त.

यादी आखडत गेली की कॅम्पस भेट ठरवता येते. ती घरच्या, जिंकायची खात्री असलेल्या, पण नाव असलेल्या संघाविरुद्धच्या मॅचला ठेवा. हरलात तर भेटीचा परिणाम उलटा होतो. एकाच आठवड्यात क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर बोलावले तर दोघांनाही फायदा. दोन क्वार्टरबॅक एकत्र बोलावले तर दोघेही एकमेकांकडे बघून नाक मुरडतात.

हंगाम संपल्यावर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, उघडतं. ज्यांची डीलब्रेकर श्रेणी तुमच्याकडे घसरली ते निघतात, आणि मन वळवायच्या संधी मोजक्याच असतात. त्या बाकावरच्या मुलांवर न घालवता पुढच्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांवर घाला. संघात ८५ पेक्षा जास्त खेळाडू राहू शकत नाहीत, हंगामाआधी जादा नावं काढावी लागतात. ती गेमवर सोडू नका, नाहीतर तुम्ही वर्षभर जपलेला किकर एखाद दिवशी दिसेनासा होईल.

बाकीचे मोड

रोड टू ग्लोरीत तुम्ही एकच खेळाडू असता: '२५' मध्ये क्वार्टरबॅक, रनिंग बॅक, रिसीव्हर, कॉर्नरबॅक किंवा मधला लाइनबॅकर. '२५' मध्ये थेट कॉलेजात सुरुवात होते. हायस्कूलचा टप्पा '२६' मध्ये परत आला. आठवड्याचा वेळ अभ्यास, सराव, नेतृत्व, प्रसिद्धी यांत वाटायचा. चार आठवड्यांत मेसेज तेच ते वाटू लागतात. निवडायचाच तर क्वार्टरबॅक. रिसीव्हर झालात तर मॅचमधला बराच वेळ बॉलची वाट बघण्यात जातो.

अल्टिमेट टीममध्ये पत्त्यांच्या पाकिटांवर खरा पैसा जातो. पहिल्या महिन्यात घेतलेला चांगला खेळाडू पुढच्या दोन महिन्यांत मागे पडतो, कारण नवे, वरचढ येतच राहतात. चाचणीत हा मोड उघडायचाच तर फुकट मिळणारी आव्हानं खेळून बघा आणि कार्डाची माहिती भरू नका. ऑनलाइन रोड टू द सीएफपी (कॉलेज फुटबॉल प्लेऑफ) हा मोड दहा तासांत सोडून दिलात तरी चालेल. तिथे समोर येणारे बहुतेक जण दोन-तीन धारदार चालींवरच जगतात.

स्वतःचा संघ हवा असेल तर टीम बिल्डर नावाचं साधन ब्राउझरमध्ये चालतं. रंग, चिन्ह, गणवेश तिथे करून ठेवा. हे काम गेमबाहेर होतं, त्यामुळे चाचणीचं घड्याळ चालत नाही. मात्र तो संघ डायनॅस्टीत आणायचा तर सुरू करतानाच एखाद्या खऱ्या संघाच्या जागी बसवावा लागतो. चौथ्या हंगामात आठवण झाली तर नव्याने सुरुवात करण्याशिवाय इलाज नाही.